बीटा टाकायचा कसा ते छापता, बाहेर कसं पडायचं तेपण छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर अधूनमधून एक चौकट येते, नवीन व्हर्जन सगळ्यांच्या आधी, म्हणजे चाचणीसाठी सोडलेलं असतानाच (त्यालाच बीटा म्हणतात), आपल्या फोनमध्ये कसं टाकायचं त्याची. मी त्या चौकटीचं हक्काचं गिऱ्हाईक. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसलाच. ऑफिशियल अपडेट यायला अजून वेळ होता, पण नवीन आयकॉन, नवीन लॉकस्क्रीन बघून राहवलं नाही, बीटाचा अर्ली बिल्ड (बिल्ड म्हणजे सॉफ्टवेअरची एक ठरावीक तयार प्रत) डाउनलोड केला आणि टाकला. वीसेक मिनिटं लागली. दोन दिवस भारी वाटलं, येईल त्याला फोन दाखवत फिरलो, खोटं कशाला बोलू.

मग सुरू झालं. दुपारपर्यंत बॅटरी खलास, कॉल चालू असताना ब्लूटूथ तुटायचं, एक दिवस अलार्म वाजलाच नाही, आणि बँकेचं ॲप उघडलं की म्हणायचं हे डिव्हाइस सुरक्षित नाही. तेही सहन केलं कारण बीटा आहे, असं होणारच, पुढच्या बिल्डमध्ये ठीक होईल. पण पुढचा बिल्ड आलाच नाही. कंपनीने माझ्या मॉडेलचा बीटा बंद केला आणि एक मेसेज टाकला, ऑफिशियल अपडेटची वाट बघा. किती दिवस, ते नाही.

आता खरी गंमत ऐका. घरात बहिणीकडे अगदी हाच फोन आहे, तिने कधी काही छेडछाड केली नाही, तिला जुन्या व्हर्जनवरून ऑफिशियल अपडेट येऊन तीन आठवडे झाले. माझ्याकडे अपडेट चेक केलं की ठेवलेलं उत्तर, तुमचा फोन अद्ययावत आहे. सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारी दुरुस्ती, मात्र तीन महिन्यांपूर्वीचा. ॲन्ड्रॉइडचे हे सिक्युरिटी पॅच २०१५ च्या ऑगस्टपासून दर महिन्याला निघायला लागले, स्टेजफ्राइट नावाच्या ॲन्ड्रॉइडमधल्या मोठ्या भोकाची भानगड उघडकीला आल्यानंतर, म्हणजे मधल्या काळात सापडलेली सगळी भोकं माझ्या फोनमध्ये तशीच उघडी. आणि फोन म्हणतोय सगळं ठीक!

असं का होतं ते मला अडकल्यावर, रात्री जागून वाचल्यावर कळलं. फोनवर येतं ते अपडेट बहुतेक वेळा पूर्ण सॉफ्टवेअर नसतं, एका ठरावीक बिल्डवरून दुसऱ्या ठरावीक बिल्डवर जायला जेवढा फरक तेवढीच फाइल असते, त्यामुळे साइज कमी राहतो. पण मग खालचा बिल्ड तंतोतंत जुळावा लागतो. बहिणीचा जुळला, माझा बीटा त्या हिशोबातच नाही. बरं म्हटलं पूर्ण पॅकेज टाकू, तर तिथे दुसरी अडचण, बिल्ड कधी तयार झाला त्याची तारीख फोन बघतो. बीटा कधीकधी ऑफिशियलपेक्षा नंतरच्या तारखेचा असतो, मग फोन म्हणतो हे पॅकेज जुनं आहे, घेणार नाही. नाव नवीन, तारीख जुनी, आणि आपण मधे.

परत मागे जाणं मुद्दामच अवघड केलेलं असतं, आणि त्याला कारणही आहे. ॲन्ड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, व्हेरिफाइड बूटमध्ये (फोन सुरू होताना आतलं सॉफ्टवेअर अस्सल आहे का ते तपासणारी व्यवस्था) रोलबॅक प्रोटेक्शनची, म्हणजे जुन्या व्हर्जनवर जाणं अडवायची, सोय आली, की चोराने फोनमध्ये जुनं, भोकं असलेलं व्हर्जन टाकून आत शिरू नये. मला ते पटतं. ज्यांना परत जाऊ देतात त्यांनाही बहुतेक वेळा पूर्ण फोन पुसूनच जावं लागतं, फोटो, चॅट, सेटिंग, सगळं. आयफोनवाल्यांनी हसू नये, त्यांच्याकडे बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसवर चढत नाही, आधीचा जपून ठेवला असेल तर ठीक. एक मित्र तर आयफोनच्या रिलीज कॅन्डिडेटवर (बीटानंतरची, जवळपास फायनल प्रत) होता आणि रोज फायनल अपडेटची वाट बघत होता, शेवटी कळलं की फायनलचा बिल्ड नंबर तोच आहे, त्याच्याकडे अपडेट आधीच आलेलं! निदान त्याचं रडणं तरी संपलं.

वाट बघताना माणूस काय काय करतो. कुणीतरी सांगितलं गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्कचा (फोनला गूगलशी जोडणारं आतलं ॲप) डेटा क्लिअर कर, अपडेट लगेच येतं. केलं. अपडेट आलं नाहीच, वर काही ॲपची नोटिफिकेशन यायची बंद झाली, कारण त्या डेटात फोनची जी ओळख असते तीच पुसली जाते आणि मेसेज पाठवणाऱ्या सर्व्हरला जुनाच पत्ता माहीत असतो. हा उपाय करू नका असं गूगलच्याच माणसाने २०१३ मध्ये सांगून ठेवलंय, तरी तो अजून फिरतोय.

चूक माझी आहे, मान्य. इन्स्टॉल करताना लांबलचक इंग्रजी अटी आल्या आणि मी न वाचता ओके दाबलं. पण त्या नंतर वाचल्या तेव्हा दिसलं की डेटा जाऊ शकतो हे लिहिलंय, बीटा मधेच बंद झाला तर पुढे काय हे कुठेच नाही. ते कंपनीने लिहायला पाहिजे, ओके बटणाच्या अगदी वर, आपल्या भाषेत, दोन ओळीत.

आणि तुमच्याकडे एक मागणी. पुढच्या वेळी ती चौकट छापाल तेव्हा एवढंही छापा, की या बिल्डवरून ऑफिशियलवर थेट अपडेट मिळणार आहे का, नसेल तर फोन पुसावा लागेल का, आणि तोपर्यंत सिक्युरिटी पॅच कोण देणार. बॅकअप आधी घ्या हे तर पहिल्या ओळीत. जागा नसेल तर नवीन आयकॉनचे दोन फोटो कमी टाका, ते फोनमध्ये दिसतातच.

मी येत्या रविवारी फोन पुसतोय. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंतच्या चॅटचा बॅकअप आहे, त्यानंतरचं गेलं समजायचं.

आपला,
एक नेहमीचा वाचक