गोटी उतरली आहे का, बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुरुषांच्या आरोग्यावर लेख आला होता. साखर, रक्तदाब, तंबाखू, सगळं त्यात होतं आणि ते हवंच. पण मुलाची वृषणं, म्हणजे आपण ज्यांना गोट्या म्हणतो, त्या खाली पिशवीत उतरल्या आहेत का, ही मुलगा सहा महिन्यांचा असतानाच बघायची गोष्ट. न बघितल्यामुळे जी तिशीत कळते, तिच्याविषयी वाचायला मिळत नाही. मी गुहागर तालुक्यात ३२ वर्षं आरोग्यसेविका होते. या विषयावर लिहायचं माझ्याकडे कारण आहे.

तीन वर्षांपूर्वी गणपतीला गावचा एक मुलगा मुंबईहून बायकोला घेऊन आला होता. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालून झालं होतं, तिचे उपास चालू होते, सोनोग्राफी झाली होती, गर्भनळ्यांची तपासणी झाली होती. तपासण्या सगळ्या तिच्याच. त्याचं काही बघायला हवं असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याची आई मला म्हणाली, "बाय, दाढीमिशी आलीय त्याला, माज्या पोराला काय झालाय?"

तो माझ्याकडे आला होता जांघेत फुगवटा येतो म्हणून. अंतर्गळ, म्हणजे हर्निया, असेल असं वाटून मी त्याला सर्जनकडे पाठवलं. अंतर्गळ होताच, पण दोन्ही वृषणं पिशवीत नव्हती, वर जांघेतच राहिली होती. वीर्यतपासणीत एकही शुक्राणू सापडला नाही. नंतर त्याने मला सांगितलं की आपलं काही वेगळं आहे हे त्याला शाळेपासून माहीत होतं. पर्‍यात पोहायला गेल्यावर बाकीची पोरं कपडे काढून उड्या मारायची, हा चड्डी सोडायचा नाही. कुणाला सांगणार?

त्याचे बीसीजीपासूनचे सगळे डोस मी दिले होते. वजन मीच करायची. पण त्याचा लंगोट सोडून गोट्या खाली आल्या आहेत का, हे मी एकदाही बघितलं नाही. तेव्हा कुणी तसं शिकवलं नव्हतं हे खरं आहे, पण त्याने त्याचं गेलेलं परत येत नाही.

मुलगा आईच्या पोटात असताना गोटी त्याच्या पोटातच, मूत्रपिंडाजवळ तयार होते आणि सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास जांघेतून खाली पिशवीत उतरते. कधी ती वाटेतच थांबते. पूर्ण दिवसांच्या १०० मुलग्यांत साधारण ३ जणांची, आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्यांत १०० पैकी ३० पर्यंत मुलांची एक किंवा दोन्ही बाजू जन्मतः रिकामी असते. बर्‍याच जणांची गोटी पहिल्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप उतरते. सहा महिन्यांनंतर मात्र ती क्वचितच उतरते, आणि नेमकं तेव्हापासून घरात "मोठा झाला की होईल ठीक" सुरू होतं.

पिशवी शरीराबाहेर आहे ती उगाच नाही. आतल्यापेक्षा तिथे २ ते ४ अंश थंड असतं. थंडीत ती आक्रसते, वैशाखाच्या उकाड्यात सैल पडते, ती याचसाठी. वर अडकलेल्या गोटीला ही थंडाई मिळत नाही आणि शुक्राणू तयार करणार्‍या पेशी पहिल्या एक-दोन वर्षांतच खराब व्हायला लागतात. पुरुषी संप्रेरक मात्र बहुतेक वेळा बनत राहतं. आवाज फुटतो, मिशी येते, संसार चालतो. त्या आईचं चुकलं नव्हतं. वरून दिसणार तरी काय?

म्हणून शस्त्रक्रिया सहा महिन्यांनंतर, शक्यतो वर्षाच्या आत आणि फार तर दीड वर्षापर्यंत व्हावी, असं बालशल्यचिकित्सक सांगतात. जांघेत लहानशी चीर देऊन गोटी खाली आणून बसवतात. बहुतेक बाळं त्याच दिवशी किंवा दुसर्‍या दिवशी घरी येतात. गोटी हाताला लागतच नसेल तर पोटात दुर्बीण घालून शोधतात. त्याआधी सोनोग्राफीवर पैसे घालवू नका, जाणत्या सर्जनचा हात तिच्यापेक्षा जास्त सांगतो. आणि जन्मतःच दोन्ही बाजू रिकाम्या असतील तर सहा महिने वाट बघायची नाही, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. एकच बाजू वर असेल तर आईबापांनी धीर सोडू नये, अशा बहुतेकांना पुढे मुलं होतात.

बघायचं कसं, तर बाळाला न्हाऊ घालताना. आपल्याकडे अजूनही बाळाला न्हायला घालणारी बाई येते. कढत पाण्याने अंग सैल झालेलं असतं, हात ऊबदार असतात, तेव्हा दोन्ही बाजूंना गोटी लागते का, हे तिच्याइतकं नीट कुणाला कळणार नाही. काही मुलांची गोटी थंडीत किंवा घाबरल्यावर वर पळते आणि न्हाताना खाली येऊन टिकते. तिला शस्त्रक्रिया लागत नाही, पण वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवावं, कारण मोठेपणी ती वरच राहू शकते. तेल चोळून, ओढून कुणी उतरवायला बघत असेल तर हात धरा.

आशाताई बाळाच्या तिसर्‍या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरी येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला, त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. या भेटींत मुलग्याचा लंगोट सोडून बघा, एवढंच माझं त्यांच्याकडे मागणं आहे. पुढची वाट लांबची आहे हे मला माहीत आहे, बालशल्यचिकित्सक आपल्याकडे मोजकेच. पण परळ-लालबागला नातेवाईक नाही असं घर कोकणात शोधावं लागेल, आणि परळला वाडिया आणि केईएम ही रुग्णालयं आहेत.

मोठ्या पुरुषांसाठीही थोडं लिहिते. ज्यांची गोटी वर होती, मग शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, त्यांना वृषणाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. वयात येण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर तो कमी होतो, जात नाही. हा कर्करोग १५ ते ३५ या वयात जास्त दिसतो, गाठ बहुधा दुखत नाही, आणि वेळेत कळला तर बहुतेक जण बरे होतात. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर स्वतःच चाचपून बघा. गोटी अचानक जोरात दुखायला लागली तर ती पिळली गेली असू शकते. तेव्हा हातात साधारण सहा तास असतात, सकाळची वाट बघू नका. बोटीवर असाल तर बंदराकडे वळवा.

त्या मुलाची दोन्ही वृषणं सर्जननी खाली आणून बसवली, पुढे त्यांवर लक्ष ठेवता यावं म्हणून. मूल होण्याच्या दृष्टीने उशीर झाला होता. तिचे उपास मात्र त्याने त्याच दिवशी बंद करवले.

गणपतीला चाकरमानी तान्ही बाळं घेऊन गावी येतात, आजी स्वतः न्हायला घालते. हे पत्र छापणार असाल तर कृपया त्याआधी छापा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. गुहागर, जि. रत्नागिरी