जानेवारीअखेरचा समुद्र

एरंडवणे, पुणे ४
१४ डिसेंबर

चि. अनुजास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू जेवण अर्धवट टाकून उठलीस आणि चपला घालताना एवढेच म्हणालीस, की "बाबा, मी सुटीत एकटी जाऊ की नको हे विचारलेलेच नाही, जानेवारीच्या अखेरीस ऊब कुठे असेल आणि पाऊस कुठे नसेल, तेवढे सांगा." वेधशाळेत सगळी नोकरी काढलेल्या माणसाला याहून सोपा प्रश्न कोणी विचारणार नाही. हे पत्र त्या प्रश्नाचे उत्तर आहे, त्यापलीकडे काही नाही. बाणेर आणि एरंडवणे यांत रिक्षाचे अंतर असताना पत्र लिहिणे तुला चमत्कारिक वाटेल. परंतु फोनवर बोलताना तुझी आई शेजारी उभी राहून खुणा करते आणि माझे एकही वाक्य पुरे होत नाही.

तुझ्या यादीतले बाली मी सरळ खोडले आहे. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेस आठ अंशांवर आहे, तिथला पावसाळा नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो आणि जानेवारी हा त्यातला भर पावसाचा महिना. तुझ्या कचेरीतल्या मैत्रिणीने दाखवलेली निळ्या आकाशाची छायाचित्रे जुलैतली असावीत. दुबईला पाऊस नसला तरी ऊबही नाही. जानेवारीत तिथले दुपारचे तापमान २४ अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या पुण्याची दुपार त्याहून गरम. ज्या मुलीची बोटे सकाळच्या शाळेला जाताना निळी पडत, तिने पैसे खर्च करून स्वेटर घालायला कशाला जावे?

अंदमानबद्दल हवामानखात्याची तक्रार नाही. जानेवारी ते एप्रिल हे तिथले चांगले महिने, आणि तिथल्या राधानगर किनाऱ्याच्या सौंदर्याविषयी जे म्हणतात ते खरे आहे. मात्र दोन गोष्टी विचारात घे. ती बेटे आपल्यापासून फार पूर्वेला असून घड्याळ मात्र आपलेच वापरतात, त्यामुळे जानेवारीअखेर साडेपाचच्या आत सूर्य मावळतो आणि त्यापुढची संध्याकाळ फार लांब होते. दुसरे असे, की त्या दिवसांत तिथे पुण्यामुंबईकडची नवी जोडपी मोठ्या संख्येने असतात, न्याहारीच्या टेबलापासून बोटीच्या रांगेपर्यंत. याविषयी मी अधिक लिहीत नाही.

राहिली श्रीलंका. तिच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्सावर तू पेनाने दोनदा गोल केला होतास, ते मी पाहिले. श्रीलंकेला एकच एक पावसाळा नाही. ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बेटाच्या उत्तरेला व पूर्वेला पाऊस देतात. मधला डोंगराळ भाग ओलांडेपर्यंत ते बरेचसे रिकामे झालेले असतात, म्हणून गॉलपासून मिरिस्सापर्यंतचा किनारा त्याच दिवसांत कोरडा राहतो. आपल्याकडे महाबळेश्वर भिजत असताना फलटणला धूळ उडते, तोच हा प्रकार, फक्त दिशा उलटी. समुद्राचे पाणी २८ अंशांच्या आसपास, म्हणजे पाय घातला तरी अंगावर काटा येत नाही. देवमासे दिसण्याचा काळही नोव्हेंबर ते एप्रिल हाच. थोडक्यात, तुझी निवड हवामानाच्या दृष्टीने बिनचूक आहे.

रविवारी रात्री माझ्या मनात येऊन गेले, की मिरिस्साला जानेवारीत धो धो पाऊस असतो असे तुला सांगून टाकावे. तू विश्वास ठेवला असतास आणि नाव खोडले असतेस. पण मी आयुष्यात खोटा अंदाज दिलेला नाही. चुकलेले पुष्कळ दिले, आणि त्याबद्दल सदाशिव पेठेपासून विधानसभेपर्यंत सर्वांनी आमची थट्टा केली आहे. खोटा मात्र दिला नाही, आणि तो तुला देण्यापासून सुरुवात करणार नाही.

आता पाण्याबद्दल एकदाच लिहितो. तू टिळक तलावात पोहायला शिकलीस आणि उत्तम शिकलीस, हे मला मान्य आहे. परंतु तलावातले पाणी जागच्या जागी असते, समुद्राचे नसते. लाटा ज्या पट्टीत फुटताना दिसत नाहीत ती पट्टी शांत भासते आणि नवखा माणूस नेमका तिथूनच आत शिरतो. वस्तुतः किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच परत आत जात असते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचे नाही, कारण त्यात चांगले पोहणारेही थकतात. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचे, आणि तेही जमेना तर नुसते तरंगत राहून हात वर करायचा. आणखी एक. ऊन स्वच्छ आहे आणि वारा पडलेला आहे म्हणून समुद्र निजलेला आहे असे समजू नये; दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटर दूर झालेल्या वादळाच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यांवर येऊन आदळतात. त्यांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही सागरी माहिती देणारी संस्था देते. २००४ च्या त्सुनामीनंतरचे आपले इशारा केंद्रही तिथेच आहे.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी बुडाले, तेव्हा तू मला विचारले होतेस, की फेब्रुवारीत तर समुद्र शांत असतो ना? असतो. आमच्या नोंदींप्रमाणे असतो.

आणि हरिहरेश्वर तू विसरली असशील, मी विसरलेलो नाही. प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच करायची असते, भरतीला खडकांवर पाणी चढते, हे मला ठाऊक होते आणि वेळाही मी पाहून ठेवल्या होत्या. तरीही उतरणीच्या त्या अरुंद पायऱ्या संपताच तू माझा हात सोडून खडकातल्या खळग्यांकडे धावलीस, कारण तुला तिथे खेकडा दिसला होता. पिवळा फ्रॉक, पाठीवर मोठा बो. तो बो धरूनच मी तुला मागे ओढले आणि तो उसवून माझ्या मुठीत राहिला. लाट वगैरे काही आली नाही. तू रडलीस ती फ्रॉकसाठी, आणि शैलामावशीने दिवसभर माझ्याशी अबोला धरला. पुढे घाटात गाडी लागून तू झोपलीस, आणि मी मात्र ताम्हिणीपर्यंत भरतीच्या वेळा मनाशी पुन्हा पुन्हा मोजत बसलो होतो.

हे पत्र उपदेशाचे झाले, याबद्दल क्षमस्व. तू चौतीस वर्षांची आहेस, कर्जाचे हप्ते एकटी फेडतेस, आणि दारावर तुझ्या एकटीच्या नावाची पाटी लावलीस त्या दिवशी मी ती तुला नकळत दोनदा वाचली. शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयात न्यायाधीशांनी विचारले तेव्हा तू दिलेले उत्तर मागच्या बाकावर मला स्पष्ट ऐकू आले, आवाज जरासुद्धा हलला नाही. आमचे सिमला ऑफिस, म्हणजे वेधशाळा, तिथून जवळच. त्या रस्त्याने मी इतकी वर्षे डबा घेऊन गेलो, पण त्या दिवशी मला तो रस्ता ओलांडता येईना, तूच माझा दंड धरलास.

तुला ठाऊक नसेल, माझी पहिली नेमणूक तिरुवनंतपुरमची होती. पहाटे साडेपाचला हवामानाच्या नोंदींसाठी फुगा सोडायचा, संध्याकाळी साडेपाचला पुन्हा सोडायचा, आणि मधला वेळ कोणाशीही न बोलता काढायचा. मल्याळम मला येत नव्हते आणि माझे इंग्रजी त्यांना कळत नव्हते. सर्वांत कठीण गोष्ट जेवणाची होती. खानावळीत एकट्याने बसले की सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटे, म्हणून मी वर्तमानपत्र समोर उभे धरून भात खात असे आणि त्यावर सांबाराचे डाग पडत. पुढे कधीतरी लक्षात आले, की कोणीही पाहत नाही. वाढणारा पोऱ्या तेवढा पाहतो आणि तोही भात संपला का हे बघायला. त्या काळात सुटीच्या दिवशी मी पॅसेंजरने वर्कलाला जाई. समुद्राच्या अगदी काठाशी तांबूस कडा सरळ उभा आहे, वर पायवाट, मागे जनार्दनस्वामींचे देऊळ, खाली पापनाशमचा किनारा. दुपारी खारे वारे सुरू झाले की कड्यावर उन्हाचा त्रास वाटत नाही आणि उतरत्या उन्हात तास न् तास बसता येते. तेव्हा तिथे यात्रेकरू आणि कोळी एवढेच असत. आता कडाभर खाणावळी झाल्या आहेत आणि देशोदेशींची माणसे पुस्तक घेऊन एकेकटी बसलेली असतात, असे ऐकतो, म्हणजे एकटीने बसणारी तू पहिली नसशील.

म्हणून माझ्याकडून यादीत एक भर घालतो, ती हवी तर घे. पुण्याहून विमानाने कोचीला जावे आणि आधी काही दिवस फोर्ट कोचीत राहावे. जानेवारीअखेर तिथे दुपारी ३२ आणि रात्री २३ अंशांच्या जवळपास तापमान असते, पाऊस जवळजवळ नाही. जुन्या वखारी, मट्टनचेरीचा राजवाडा, मासेमारीची चिनी जाळी, पलीकडे एर्नाकुलमला नेणाऱ्या स्वस्त बोटी. बिनाले, म्हणजे दोन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन, भरलेले असेल तर चित्रे पाहण्यातच दिवस जाईल, आणि चित्रे पाहताना एकटे असणे उलट सोयीचे असते. तिथला किनारा पोहण्याजोगा नाही, हेही मला त्या गावाविषयी आवडते. मग रेल्वेने वर्कला. दिवसा पोहोचशील अशीच गाडी घे. नव्या गावी पहिल्यांदा उजेडात उतरावे, मग ते गाव कोणतेही असो. कड्याच्या वाटेला सर्वत्र कठडा नाही, रात्री विजेरी बाळग. आणि पाण्यात जायचे ते जीवरक्षक असताना, लोक असताना, सकाळी.

पुन्हा पाण्यावरच आलो. तुझी आई रात्री दिवा मालवल्यावर विचारते, "पण ती संध्याकाळी तिथे करेल काय?" मला उत्तर येत नाही, मग मी तिला भरती-ओहोटीचे सांगतो आणि ती म्हणते, मी हे विचारलेले नाही. महिलांच्या सहलीबरोबर जा असा तिचा आग्रह त्यातूनच आला. त्यात तुझा अपमान करण्याचा हेतू नव्हता. तुला त्या बसमध्ये अंताक्षरी खेळावी लागेल आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी "मिस्टर काय करतात" हे विचारेल, एवढे माझ्याही लक्षात आले. म्हणून त्या प्रश्नावर मी तुझ्या बाजूने बोललो. तू उठून गेल्यानंतर बोललो, त्यामुळे तुला ते ऐकू आले नाही. कोणाला बरोबर घ्यावेसे वाटले तर घे. नाही वाटले तर एकटी जा. सुटीत तुला रडू येईल तेव्हा ते कोणाला दिसू नये असे तुला वाटत असेल, तर तेही मी समजू शकतो, फक्त त्या वेळी पाण्यापासून दूर असावेस. ही ओळ मी खोडणार होतो. राहू दे.

मिरिस्सा की वर्कला, याचा निकाल तू कर. हवामान दोन्हीकडे तुझ्या बाजूने आहे आणि समुद्र दोन्हीकडे सारखाच आहे, तेव्हा माझ्या पसंतीचे कारण एवढेच, की वर्कलाहून रात्री फोन आला तर मला पासपोर्ट शोधावा लागणार नाही. रोज फोन करावा अशी अट नाही. पोहोचल्यावर एकदा आणि निघताना एकदा पुरे. मधल्या दिवसांत जेवणाच्या ताटाचे छायाचित्र पाठवलेस तरी तुझी आई शांत राहील. निळ्या बॅगेची चेन तिने लक्ष्मी रोडवरून दुरुस्त करून आणली आहे, विचारलेस तर नाही म्हणेल.

तारखा ठरल्या की कळव.

तुझा,
बाबा

ता. क. मिरिस्साच ठरले तर खोली घेण्यापूर्वी त्या किनाऱ्यावर जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो हे त्यांना लेखी विचार. भरतीच्या वेळांचा तक्ता मी दोन्ही ठिकाणांसाठी करून ठेवतो.