गळतीचे पाणी गढूळ का, ते आधी पाहा

संपादक महोदय,

श्रावणी अमावास्येच्या उधाणाला आमच्या खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या नदीकाठच्या सखल शेताच्या, बांधाला शेताच्या अंगाने बोटभर जाडीची गळती लागली. पाणी स्वच्छ असते तर मी घरी जाऊन जेवलो असतो. पण ते दूध घातलेल्या चहासारखे होते, आणि जिथून बाहेर पडत होते तिथे बारीक मातीची टोपलीएवढी रास जमली होती. ही माती बांधाच्या पोटातली. माझे वडील गळतीचे पाणी ओंजळीत धरून बोटांनी चोळून बघत. हाताला काही लागले, की त्या रात्री घरात कोणी झोपत नसे.

दोन वर्षांपूर्वी याच बांधाची डागडुजी झाली. कंत्राटदाराने जुन्या चिकणीवर, म्हणजे चिकट मातीवर, डोंगराची तांबडी माती जेसीबीने ओतली, वर चिरे रचले, फोटो निघाले. या मातीत मोठे खडे असतात आणि धूळ असते, मधल्या आकाराचे कण थोडेच. खडे एकमेकांना टेकून उभे राहतात आणि धूळ फटींतून पाण्याबरोबर निघून जाते. बांधाची उंची तेवढीच दिसते, आतून मात्र तो चाळणी झालेला असतो. त्यात जुन्या आणि नव्या मातीचा सांधा धरलेला नाही. पाण्याला वाट मिळाली ती तिथेच.

चिकणीची तऱ्हा वेगळी. तिच्यातून कण सुटे होऊन सहसा जात नाहीत, पण कुर्लीचे, म्हणजे खेकड्याचे, बीळ पडले तर ते नळीसारखे उघडे राहते. वाळूत त्याचे छप्पर कोसळले असते. चिकणीत ते टिकते आणि पाणी नळी रुंदावत नेते. रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ रोजी फुटले तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडले आणि अवघा महाराष्ट्र हसला. खाजनवाल्याला त्यात हसण्यासारखे फारसे नव्हते. फक्त, बीळ वेळेवर न बुजवणारा माणूसच असतो. तिथल्या गावकऱ्यांनीही गळतीची तक्रार आधीच केली होती.

चिकणीचे गोडवे गातानाही मी आता जरा जपून गातो. सुकलेल्या चिकणीचा वाटाण्याएवढा खडा मी काचेच्या पेल्यात पागोळीच्या पाण्यात सोडला. ढवळले नाही, तरी त्याच्याभोवती दुधी ढग पसरला आणि सकाळपर्यंत खाली बसला नाही. खाऱ्या पाण्यात हेच कण एकमेकांना धरून असतात. मिठातले सोडियम मातीत मुरलेले असते. पावसाचे गोडे पाणी लागले की कणांची पकड सुटते. म्हणजे ऐन पावसाळ्यात बांध सर्वांत हळवा. निविदा काढण्याआधी हा पेला कोणी भरून पाहतो का? खर्च शून्य आहे.

त्या रात्री एक शेजारी घमेलेभर माती घेऊन भोक बुजवायला धावला. मी त्याला अडवले. बाहेरचे तोंड दाबले तर पाणी हातभर पलीकडे फुटते. अमेरिकेत ५ जून १९७६ रोजी टीटन धरणाला सकाळी गढूळ झरा दिसला. भोकात माती लोटायला गेलेले दोन बुलडोझर त्यातच गडप झाले आणि दुपारी बाराच्या आत धरण गेले. आम्ही झऱ्याभोवती गोण्यांचे कडे केले, आत जाड वाळू आणि तिच्यावर खडी टाकली, नि कड्यात पाणी साचू दिले. कड्यातली पातळी चढली तसा बाहेर पडणाऱ्या पाण्याचा जोर मंदावला. वाळूने माती धरली, पाणी सोडले. पहाटे तीनच्या सुमारास ते निवळले. ओहोटीला नदीकडचे तोंड चिकणीने तुडवून भरले.

हा वाळू-खडीचा थर बांधाच्या शेताकडच्या बाजूला कायमचा घालता येतो. आमच्या कामाच्या अंदाजपत्रकात तो नव्हता. चिरे मात्र होते.

गोण्या अजून तिथेच आहेत. भाद्रपद पौर्णिमेला पुन्हा उधाण आहे. संबंधित अभियंत्यांनी त्या रात्री बांधावर यावे, बॅटरी आमच्याकडे आहे.

— एक कूळ शेतकरी, पेडणे