नमुना सकाळी नको, दुपारी तीनला घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल सांडपाणी शुद्ध करायच्या तळ्यांवर छापलेला लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. शेवाळ म्हणजे घाण, दिसलं की औषध मारा, एवढंच त्यात आहे. कार्बन डायऑक्साइडचा साधा उल्लेखही नाही!

असंच कुणीतरी सांगितलं म्हणून गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीच्या मागच्या सांडपाण्याच्या तळ्यात शेवाळ मारायला मोरचूद टाकलं. आडगावच्या पुढे राहतो आम्ही, द्राक्षाचा भाग, मोरचूद घरोघरी, बागेला चालतं मग तळ्याला का नाही, असं कमिटीतले म्हणाले. मी नको नको म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी हिरवं पाणी काळं पडलं, सडक्या अंड्याचा वास सुटला, आणि आमच्या हिने पुढचे पंधरा-वीस दिवस स्वयंपाकघराची खिडकी उघडली नाही. होणारच की. सांडपाण्यातली घाण बॅक्टेरिया खातात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो शेवाळ घेतं आणि उन्हात ऑक्सिजन सोडतं, त्यावर बॅक्टेरिया जगतात. शेवाळ मारलं की ऑक्सिजन गेला, वरून मेलेलं शेवाळही पाण्यातच कुजायला लागलं.

पण माझी खरी तक्रार तपासणीची आहे. नमुना न्यायला माणूस येतो सकाळी नऊला. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क याचा आकडा, ७.८, सगळं नॉर्मल, सही करा. रात्रभर सगळ्याच जिवांनी श्वास घेऊन पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, त्यानं पाणी आम्लाकडे झुकतं, सकाळी पीएच कमी येणारच! मी पदरचे पैसे घालून मीटर घेतला आणि दुपारी तीनला बुडवला तर ९.९. कडक उन्हात शेवाळ इतक्या वेगानं कार्बन ओढतं की बॅक्टेरियाकडून येणारा पुरत नाही, आणि हवेत तो आहेच जेमतेम ०.०४ टक्के. मग ते पाण्यात विरघळलेल्या कार्बनच्या साठ्यावर, बायकार्बोनेटवर, येतं आणि पीएच चढत जातो. नऊच्या वर गेला की पाण्यातला अमोनिया मोकळा व्हायला लागतो, तो शेवाळालाच बाधतो, बॅक्टेरियाही मंदावतात. म्हणजे ऐन उन्हात, काम जोरात व्हायला पाहिजे तेव्हाच तळं अडकतं.

घरगुती सांडपाण्यात नायट्रोजनच्या मानानं कार्बन कमीच असतो. एक किलो सुकं शेवाळ तयार व्हायला साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, तो कुठून येणार याचा विचार नको का करायला? अमेरिकेत ओस्वाल्ड आणि गोटास यांनी सांडपाण्यातल्या शेवाळावर १९५७ सालीच लिहून ठेवलंय, ही काही कालची गोष्ट नाही.

मी गच्चीवर दोन बरण्यांत तळ्याचंच पाणी ठेवलं. एकीत साखर-यीस्टच्या बाटलीतून नळी सोडली, आंबताना तोच वायू सुटतो. पाचव्या दिवशी त्या बरणीमागे बोट धरलं तर दिसेना इतकं दाट हिरवं झालं, पीएच आठच्या आसपास. दुसरी फिकट, तिचा पीएच दुपारी ९.५ च्या वर. आपल्याकडे एवढ्या वायनऱ्या आहेत, द्राक्षरस आंबताना हा वायू ढीगभर सुटतो, बायोगॅसमध्येही तिसरा हिस्सा तरी हाच असतो. तो तळ्यात सोडून बघा म्हणतोय तर कमिटीत कुणी ऐकून घ्यायला तयार नाही.

निदान नमुना तरी दुपारी तीनला घ्या, सकाळचाही घ्या, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. त्याला जास्तीचा खर्च फक्त एका फेरीचा आहे.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो शेवाळाचा नव्हताच, पाणवेलींचा होता. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, रोज फिरायला जाणारं लहान पोरही हा फरक सांगेल. कृपया दुरुस्ती छापा, आणि त्याच पानावर छापा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, आडगाव, नाशिक