थुंकी देता न येणाऱ्या मुलांसाठी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या फुप्फुसाच्या टीबीबद्दल लिहिते आहे. मागणी एकच आहे: जिथे जिथे टीबीची जलद मॉलिक्युलर चाचणी (जंतूंचा डीएनए यंत्रावर शोधणारी) होते, तिथे लहान मुलांच्या शौचाचा नमुनाही तपासला जावा, असा लेखी आदेश आपल्या खात्याने काढावा.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. दोन वर्षांचं मूल कित्येक आठवडे खोकतंय, वजन जागचं हलत नाही, घरात आजोबांना टीबीची औषधं चालू आहेत. अशा मुलाला मी चाचणी लिहून देते आणि आईच्या हातात थुंकीची डबी पडते. या वयाच्या मुलाला बेडका बाहेर टाकता येत नाही, मूल तो गिळून टाकतं. डबी रिकामी परत येते. कधी तिच्यात नुसती लाळ असते आणि तिच्यावरून ‘टीबी नाही’ असा रिपोर्ट मिळतो. असा रिपोर्ट हातात घेऊन घरी गेलेलं मूल पुन्हा येतं तेव्हा बरंच खंगलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी पंधरा वर्षांखालच्या १२ लाखांहून अधिक मुलांना टीबी होतो आणि त्यातली जवळपास निम्मी मुलं कुठल्याही नोंदीत येत नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे, टीबीने दगावणाऱ्या मुलांपैकी ९६ टक्के मुलांना उपचार मिळालेलेच नसतात. औषधं आहेत, मुलांना लागू पडतात, पण निदानच होत नाही.

थुंकी मिळत नाही म्हणून मोठ्या रुग्णालयांत जठरातला नमुना काढतात. मुलाला रात्रभर उपाशी ठेवायचं, पहाटे ते अंथरुणातून उठायच्या आत नाकातून पोटात नळी घालायची आणि गिळलेला बेडका सिरिंजने ओढून घ्यायचा. मूल रडून लाल होतं, नर्स त्याचे हात धरून ठेवते, आई तोंड फिरवते. नमुना पुरेसा आला नाही तर दुसऱ्या दिवशी तेच. हे सगळं करायला मुलाला दाखल करावं लागतं, आणि छोट्या केंद्रात ते होतच नाही.

गिळलेला बेडका अखेर आतड्यातून बाहेर पडतोच आणि त्यातल्या जंतूंचा डीएनए यंत्राला सापडू शकतो. त्यासाठीची पद्धत अगदी साधी आहे. जेमतेम ०.८ ग्रॅम शौच कार्ट्रिजसोबत (म्हणजे नमुना भरून यंत्रात घालायच्या डबीसोबत) येणाऱ्या ८ मिली द्रावणाच्या बाटलीत घालायचं, हलवायचं, दहा मिनिटं ठेवायचं, पुन्हा हलवून पुन्हा दहा मिनिटं ठेवायचं, आणि वरचं २ मिली पाणी कार्ट्रिजमध्ये सोडायचं. सेंट्रिफ्यूज (नमुना वेगाने फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र) लागत नाही, चाचणीचं यंत्र तेच, कार्ट्रिज तेच. दोन तासांच्या आत निकाल येतो आणि टीबी सापडला तर रिफॅम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही बहुतेक वेळा कळतं. नमुना घरून स्वच्छ डबीत आणता येतो; मुलाला साधी सुईही टोचावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी शौचाच्या नमुन्याची शिफारस आहे. तरीही प्रयोगशाळेने असा नमुना ‘आमच्या यादीत बसत नाही’ म्हणून परत पाठवल्याचा अनुभव मी घेतला आहे. तंत्रज्ञाचा दोष नाही, त्याच्याकडे आदेशच नाही.

चाचणीच्या मर्यादाही आदेशात स्पष्ट लिहायला हव्यात, कारण घोटाळा तिथेच होतो. मुलांच्या फुप्फुसात मोठ्यांच्या मानाने जंतू फार थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते क्वचितच दिसतात, आणि कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला, सहा आठवडेही लागू शकतात. याच यंत्रावरची नवी ‘अल्ट्रा’ कार्ट्रिजची चाचणी एका मिलिलिटरमध्ये सुमारे १६ जंतू असले तरी पकडते. आधीच्या कार्ट्रिजला शंभराहून अधिक लागत. एवढं असूनही, कल्चरने टीबी सिद्ध झालेल्या मुलांपैकी शौचाच्या तपासणीत निम्म्याहून थोडीच जास्त सापडतात. म्हणून शक्य तिथे श्वसनमार्गाचा नमुना आणि शौच, दोन्ही एकाच वेळी पाठवावेत. निकाल पॉझिटिव्ह आला, अगदी ‘ट्रेस’ (जंतूंचा जेमतेम अंश) आला तरी, मुलाला वेळ न घालवता औषध मिळावं. निगेटिव्ह आला म्हणून मात्र फाइल बंद करू नये: लक्षणं, घरातला रुग्ण आणि एक्स-रे यांवरून गुण देऊन उपचाराचा निर्णय घेण्याची पद्धत २०२२ च्या त्याच सूचनांसोबत दिलेली आहे. रिपोर्टशिवाय औषध सुरू केलं तर जाब विचारला जाईल, या धास्तीने तरुण डॉक्टर थांबून राहतात. त्यांच्या पाठीशी खात्याचा कागद हवा.

निदान लवकर झालं तर मुलाचे हालही कमी होतात. तीन महिने ते सोळा वर्षं वयाच्या, सौम्य टीबी असलेल्या मुलांना सहाऐवजी चार महिन्यांचे उपचार पुरतात.

आदेशासोबत एक तक्ताही सुरू करावा: पाच वर्षांखालच्या किती मुलांची मॉलिक्युलर चाचणी झाली, कोणत्या नमुन्यावर, आणि निगेटिव्ह आलेल्या किती मुलांना तरीही औषध दिलं गेलं. जिल्हावार आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ