टाचणी लावण्याआधी

देवरुख
रविवार, सकाळ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता. नवा राउटर आणला, फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि नेट मात्र चालत नाही. केबलवाला म्हणतो राउटर खराब, दुकानदार म्हणतो लाइन खराब. फोनवर माझं निम्मं सांगायचं राहिलं, म्हणून लिहितोय. हा कागद राउटरजवळच ठेव.

पहिली गोष्ट, ती टाचणी बाजूला ठेव. मागच्या बारीक भोकात टाचणी दहा सेकंद दाबली की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. केबलवाल्याच्या डब्यावर, म्हणजे बाहेरून आलेली काचेची तार ज्यात शिरते त्या यंत्रावर, तर ते भोक दाबूच नकोस. त्यात भरलेलं युजरनेम, पासवर्ड, लाइनचा नंबर सगळं पुसलं जातं. आपल्या शेजारी हेच झालं. पोराने रिसेट केलं, युजरनेम कुणालाच माहीत नव्हतं आणि दोन दिवस घर नेटशिवाय राहिलं.

मी टेलिफोनच्या तारांवर आयुष्य काढलं. तक्रार आली की उपकरणाला हात लावायच्या आधी आम्ही फॉल्ट कुठल्या टप्प्यात आहे ते शोधायचो. एक्स्चेंजमध्ये एमडीएफवर, म्हणजे सगळ्या लाइनी जिथे जोडलेल्या असतात त्या चौकटीवर टेस्ट, मग रस्त्याकडेचा पिलर, मग घराजवळची डीपीची पेटी, मग घरातला रोझेट, म्हणजे फोन जोडायची डबी. डीपीवर टोन मिळाला की तिथपर्यंतची केबल शाबूत, फॉल्ट पुढे घराकडे. एका टप्प्यावर खात्री झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. तुझ्याकडेही तेच कर. बाहेरून आत ये आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.

आधी केबलवाल्याच्या डब्यावरचे दिवे बघ. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर हवा आणि ‘लॉस’चा दिवा विझलेला हवा. लॉस लाल असेल तर काचेच्या तारेतून उजेडच येत नाही, राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही. तार कपाटामागे चेपली आहे का बघ. आईच्या बांगडीपेक्षा लहान वळण तिला देऊ नकोस, तेवढ्यानेही उजेड गळतो. तार डब्यातून काढलीस तर तिच्या टोकात डोळा घालून बघू नकोस. तो लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप केबलने थेट डब्याला जोड. नेट चाललं म्हणजे लाइन आणि डबा दोन्ही सुटले. आता उरला नवा राउटर, आणि मला वाटतं तुझा फॉल्ट इथेच आहे.

फोनवरची रेंज फक्त फोन आणि राउटर यांच्यातली असते. राउटरच्या पलीकडे नेट आहे की नाही, हे ती सांगत नाही. आपल्या दोन खोल्यांमधला इंटरकॉम छान चालतो, म्हणून एक्स्चेंजची लाइन चालू आहे असं होत नाही ना, तसंच. आता हे बघ. तुझा डबा स्वतःसुद्धा राउटर आहे आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. पुष्कळ नवे राउटर कारखान्यातून हाच पत्ता घेऊन येतात. एकाच आळीत एकाच घरनंबरची दोन घरं असली तर पोस्टमनने टपाल कुठे टाकायचं? काही राउटर स्वतःच समजून पत्ता बदलतात, काही बदलत नाहीत आणि मग ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’ एवढंच दिसतं.

तुझ्यासाठी सोपा उपाय असा. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल, तो चालू कर. मग पत्ते वाटायचं काम डबा करील आणि राउटर फक्त वायफाय पसरवील. डब्यातून येणारी केबल राउटरच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या भोकातच घाल. मोड बदलल्यावर राउटरचं सेटिंगचं पान जुन्या पत्त्यावर उघडणार नाही, तेव्हा बिघडलं असं समजू नकोस, त्याला नवा पत्ता मिळालेला असतो. हे जमलं की डब्याचं वायफाय बंद कर.

मग जागा. आपल्याकडे राउटर आधी टीव्हीमागे होता आणि स्वयंपाकघरात काही पोचत नव्हतं. दीड फुटी जांभ्याच्या भिंती, त्यात मध्ये लोखंडी कपाट. मी फोन हातात घेऊन घरभर फिरलो, स्पीड बघितला आणि जिथे तो पडला तिथे जमिनीवर खडूने फुली मारली. सगळ्या फुल्या कपाटाच्या मागच्या बाजूला निघाल्या. राउटर माजघराच्या दारावर फळी ठोकून ठेवला, तेव्हापासून आई चुलीपाशी बसून तुझ्याशी व्हिडिओवर बोलते. तूही एकदा फिरून बघ. राउटर उघड्यावर, उंचावर आणि घराच्या मध्याजवळ हवा. मायक्रोवेव्हशेजारी नको, तो वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गडबड करतो.

तुझ्या इमारतीत शेजाऱ्यांचीच पंधरा-वीस वायफाय दिसत असतील. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर ठेव, तिथे गर्दी कमी. २.४ भिंतीपलीकडे जास्त पोचतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यातला मोकळा असेल तो घे. गीझरचा स्मार्ट प्लग बहुतेक २.४ वरच जोडला जाईल.

एक खूण लक्षात ठेव. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे आणि स्पीड दर वेळी ९४ च्या आसपास अडकतोय, तर केबल तपास. आमच्या फोनला एक जोडी पुरायची. इथे पूर्ण वेगाला चार जोड्या, म्हणजे आठही तारा धड लागतात. एखादी तुटली की बऱ्याचदा लाइन निमूटपणे शंभरावर उतरते, नेट चालू राहतं आणि कुणाला कळत नाही. (डब्याचं भोकच शंभराचं असेल तर मात्र केबल बदलून उपयोग नाही.)

वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगवेगळे ठेव, दुसरा तर आजच बदल. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायची सोय, बंद कर. पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढून मला पाठव, माझ्या वहीत उतरवून ठेवतो. गडगडाट सुरू झाला की राउटरचा अडॅप्टर काढून ठेवत जा. काचेतून वीज येत नाही, पण अडॅप्टरमधून येते.

आईने कुळथाचं पीठ आणि आमसुलं बांधली आहेत. त्याच खोक्यात तीन मीटरची केबल ठेवली आहे. आठही तारा मी मीटरवर तपासल्या आहेत, दोन्ही टोकांना कागदाची पट्टी चिकटवली आहे, एका बाजूला ‘डबा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘राउटर’. खोका मिळाला की मला फोन कर, आपण दोघं मिळून जोडू.

तुझे
बाबा