युद्ध थांबल्यानंतरच्या मदतीविषयी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या कॉलनीत परवा युद्धग्रस्तांना मदत करण्यासाठी बैठक झाली. मंडळी तळमळीने बोलली. गाझा, युक्रेन, सुदानमधली ती पोरं टीव्हीवर बघून कुणाच्या पोटात तुटत नाही? पण शेवटी ठरलं ते तेच: जुने कपडे, चादरी, ब्लँकेटं जमवायची. दोन वर्षांपूर्वीही हेच ठरलं होतं. तेव्हा जमलेले गठ्ठे कुठे पाठवायचे, कुणामार्फत पाठवायचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. समाजभवनाच्या जिन्याखाली ते पावसाळाभर पडून राहिले, त्यांना ओल लागली आणि दिवाळीच्या सफाईत ते बोहारणीच्या टोपलीत गेले. देणाऱ्यांची माया खरी होती, म्हणून तर ते बघून जीव जास्त हळहळला. बैठकीत वेळेअभावी बोलता आलं नाही, ते इथे लिहिते आहे.

मी एकतीस वर्षं याच शहरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं. हातपाय गमावलेली माणसं पुन्हा उभी राहताना रोज पाहिली. बहुतेक जण अपघातातले, नाहीतर मधुमेहामुळे पाय काढावा लागलेले. युद्धातला एकच होता, काटोलकडचा जवान. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, सीमेवर सैन्य उभं राहिलं आणि तिथल्या शेताशिवारांत मैलोन्‌मैल सुरुंग पेरले गेले. त्यातल्याच एका सुरुंगाने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नेला. युद्ध झालंच नाही, पण त्याचा पाय मात्र गेला. पुण्याच्या लष्करी कृत्रिम अवयव केंद्रातून तो पाय बसवून आला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी १९४४ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र. पायाचं काम उत्तम होतं. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, ‘‘मॅडम, ओल्या बांधावर चालता येईन का मले?’’ घरी संत्र्याची बाग होती आणि पाण्याची पाळी रात्रीची असायची. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर तो आठवडाभरात चालायला लागला. बांधावर न पडता चालायला त्याला आठ महिने लागले. त्यासाठी आम्ही मागच्या अंगणात माती टाकून, पाणी मारून चिखलाचा बांध केला होता.

ते आठ महिने कसे असतात, हे बाहेरच्यांना दिसत नाही. पाय कापल्यावर उरलेला भाग, ज्याला आम्ही स्टंप म्हणतो, तो सुरुवातीला सुजलेला असतो. क्रेप बँडेज आठाच्या आकड्यासारखं गुंडाळून त्याला आकार द्यावा लागतो, तेही दिवसातून अनेकदा. घरचे लोक प्रेमाने गुडघ्याखाली उशी देतात. त्या उशीने गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कितीही चांगला पाय आणा, तो नीट बसत नाही. ‘उशी काढा हो’ हे मी जितक्या वेळा सांगितलं असेल तितकं दुसरं काहीच सांगितलं नसेल. पुढे सूज उतरते, स्टंप बारीक होतो, सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची ज्यात स्टंप बसतो ती खोबण, सैल पडतं. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, सॉकेटमध्ये घाम साचून कातडी सोलवटते. आणि रात्री नसलेल्या पायाची बोटं दुखतात, खाजतात. तो जवान झोपेतून उठून चादरीवर, जिथे पाऊल असायला हवं तिथे, खाजवायचा आणि मग नुसता बसून राहायचा.

हे झालं मोठ्या माणसाचं. मूल असेल तर हिशेबच बदलतो. मूल वाढतं, पण बसवलेला पाय वाढत नाही. दर काही महिन्यांनी तो दुरुस्त करावा लागतो, नाहीतर नवा घ्यावा लागतो, आणि हे वाढ पूर्ण होईपर्यंत चालतं. कधी आतलं हाड वाढून कातडीला टोचायला लागतं आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. आज सहा वर्षांच्या पोराला पाय बसवला म्हणजे आपण निदान बारा वर्षांची जबाबदारी घेतली. ब्लँकेट एका हिवाळ्याचं असतं.

हे जमतं का, तर जमतं. काबूलमध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचं कृत्रिम अवयव केंद्र १९८८ पासून चालू आहे. अल्बेर्तो कायरो नावाचे इटालियन फिजिओथेरपिस्ट १९९० मध्ये तिथे गेले आणि तिथलेच होऊन गेले. मधल्या काळात राजवटी बदलल्या, शहरावर रॉकेटं पडली, पण काम उभं राहिलं. अफगाणिस्तानात अशी सात केंद्रं झाली. मला त्या कामातली सगळ्यात मोलाची वाटते ती एकच गोष्ट: तिथले जवळजवळ सगळे कर्मचारी स्वतः अपंग आहेत. साचा काढणारा, रबर कापणारा, नव्या पेशंटला दांड्यांना धरून चालायला शिकवणारा, यांतले कितीतरी जण कधीकाळी त्याच दारातून कुबड्या घेऊन आत आले होते. शिवाय दुकान टाकायला, शिलाई मशीन घ्यायला छोटी कर्जंही तिथून मिळतात. पाय दिला की माणूस उभा राहतो, पण घरात त्याचा शब्द चालतो तो त्याने चार पैसे आणल्यावर. आपल्या विदर्भाला हे नवं नाही. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये, अशी आनंदवनाची सुरुवात आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बाबा आमट्यांनी वरोऱ्याच्या माळावर त्या माणसांच्या हातात कुदळ दिली, विहिरी खणायला लावल्या. माझ्या लेखी काबूलचं ते केंद्र आणि आपलं आनंदवन ही सख्खी भावंडं आहेत.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. जयपूर फूट. रामचंद्र शर्मा हे फार न शिकलेले कारागीर आणि हाडांचे डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते जयपूरच्या सरकारी दवाखान्यात घडवलं. परदेशी पाय बुटात घालण्यासाठी केलेला होता. त्यावर उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, अनवाणी देवळात जाता येत नाही. या रबरी पायाने हे सगळं जमतं, चिखलातही चालता येतं. पुढे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाय फुकट बसवायला सुरुवात केली. सॉकेट होतं ते पाण्याच्या लाइनीला वापरतात तसल्या प्लास्टिक पाइपाचं: पाइप भट्टीत मऊ करायचा आणि प्लास्टरच्या साच्यावर चढवायचा. अफगाणिस्तानसारख्या सुरुंगांनी पोखरलेल्या देशांत हेच पाय गेले. आपल्याकडची शंभर रुपयांची देणगी तिथे खरोखर पायाच्या रूपाने पोचते, हे कॉलनीतल्या मंडळींना कुणी सांगितलेलंच नाही.

युद्धातली प्रत्येक जखम दिसते असंही नाही. काँगोतल्या बुकावू इथे डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी १९९९ मध्ये पांझी रुग्णालय सुरू केलं. युद्धात बलात्कार झालेल्या बायकांवर तिथे शस्त्रक्रिया होते, आणि त्याबरोबर समुपदेशन, वकिलाची मदत आणि कमाईचं शिक्षणही मिळतं. २०१८ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. टाके घालून तिला त्याच गावात, त्याच माणसांत रिकाम्या हाताने परत पाठवणं म्हणजे उपचार नव्हेत, हे त्यांनी ओळखलं.

‘आपण कुठे, ते देश कुठे’ असं बैठकीत एकजण म्हणाले. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनमध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. सोलापूरचे डॉ. कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या पाचांतले डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे होते. आणि घर सुटलेली माणसं इथे आली नाहीत का? फाळणीनंतर आपल्या नागपूरच्या जरीपटका वस्तीत सिंधी कुटुंबं आली. माझ्या लहानपणी तिथल्या एक आजी आमच्या घरी पापड घेऊन यायच्या. सिंधमध्ये त्यांचा वाडा होता, इथे एक खोली. कुणी कपडे देऊ केले तर त्या हात जोडून नको म्हणायच्या आणि पापडाची दोन पाकिटं जास्त घ्या म्हणायच्या. आई घ्यायची. त्या पापडांवर त्यांची दोन मुलं कॉलेजात गेली.

म्हणून कॉलनीला आणि आपल्या वाचकांना माझी विनंती अशी आहे. जुने कपडे इथल्याच गरजूंना द्या, त्यांची इथे गरज आहे. युद्धग्रस्तांसाठी घरटी महिन्याला शंभर रुपये काढा, पण निदान तीन वर्षं काढा. ज्या संस्थेला द्याल तिला तीनच प्रश्न विचारा: वर्षभरानंतर तुम्ही तिथे असाल का, माणसाच्या हाताला काम देता का, आणि पोराचा पाय लहान झाला की दुसरा देता का? आणि पाठपुरावा करायला एक माणूस ठरवा. पहिल्या वर्षी ते काम मी करायला तयार आहे.

आपल्याला एक विनंती. युद्ध पेटलं की पहिलं पान भरतं, ते योग्यच आहे. पण शस्त्रसंधी झाल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने, त्याच गावातली, त्याच दवाखान्यातली बातमी आतल्या पानावर का होईना, द्यावी. मदत नेमकी त्याच सुमारास आटते.

आपली,
एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट,
नागपूर